विद्युत अपघटनात २:१ प्रमाण येत नाही? ऑक्सिजन कुठे गेला ते असं शोधा

पाण्यातून वीज सोडून त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करायच्या प्रयोगाची तक्रार दरवर्षी तीच असते. प्लास्टिकच्या मगाच्या तळाला दोन भोकं, त्यात रबरी बुचं, बुचांतून वर आलेले दोन कार्बनचे दांडे, त्यांवर पालथ्या घातलेल्या दोन परीक्षानळ्या आणि खाली ६ व्होल्टची बॅटरी. पुस्तकाप्रमाणे एका नळीत दुसरीच्या दुप्पट वायू जमायला हवा. प्रत्यक्षात एकीत ९ मिली आणि दुसरीत जेमतेम २ मिली. कधी एकीत बुडबुडे आणि दुसरीत निळसर गाळ, तर कधी दोन्हीकडे शुकशुकाट. शेवटी वेळ संपत आली म्हणून जर्नलमध्ये "१० मिली आणि ५ मिली" असं लिहून टाकलं जातं.

तसं करू नका. न दिसणारा ऑक्सिजन कुठेतरी गेलेला असतो. तो कुठे गेला हे द्रावणाच्या रंगावरून, वासावरून, दांड्याच्या टोकावरून ओळखता येतं, आणि एकदा ओळखलं की बहुतेक वेळा पुढच्याच तासिकेत दुरुस्त करता येतं. खाली लक्षणांप्रमाणे कारणं दिली आहेत. आपल्या मगात जे दिसतंय तिथून वाचायला सुरुवात केली तरी चालेल, पण आधी एक हिशोब पाहून घ्या.

किती वायू जमायला हवा?

पाण्याच्या २ रेणूंपासून हायड्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचा १ रेणू मिळतो. तापमान आणि दाब सारखे असतील तर वायूंच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्याही सारखीच असते, म्हणून आकारमानाचं प्रमाण २:१.

नळ्या किती वेगानं भरतील हे मात्र फक्त विद्युतधारेवर ठरतं. १ अँपिअर धारा १ मिनिट वाहिली की २५ अंश सेल्सिअसला सुमारे ७.६ मिली हायड्रोजन आणि ३.८ मिली ऑक्सिजन सुटतो. म्हणजे १०० मिलिअँपिअरला मिनिटाला पाऊण मिली हायड्रोजन. १० मिली हायड्रोजन हवा असेल तर १३ मिनिटं लागणार. धारा २० मिलिअँपिअर असेल तर त्याच कामाला तासाहून जास्त वेळ जाईल, आणि "प्रयोग चालत नाही" अशी ओरड होईल. प्रयोग चालूच असतो, फक्त तासिकेत मावत नाही.

म्हणून पहिलं काम: मल्टिमीटर डीसी अँपिअरवर ठेवून परिपथात एकसरीत जोडा. सुरुवात १० अँपिअरच्या छिद्रातून करा. २०० मिलिअँपिअरच्या छिद्रात लाल वायर ठेवली आणि धारा त्याहून जास्त निघाली की आतला फ्यूज जातो, आणि मग बिघाड प्रयोगात की मीटरमध्ये हेच कळेनासं होतं. मीटर नसेल तर उलटा हिशोब करा: मिनिटाला १ मिली हायड्रोजन म्हणजे साधारण १३० मिलिअँपिअर.

बुडबुडेच नाहीत, किंवा अगदीच तुरळक

सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे पाणी जवळजवळ तसंच राहिलेलं असतं. शुद्ध पाण्यात आयन इतके थोडे असतात की वीज त्यातून वाहतच नाही म्हटलं तरी चालेल. पुस्तकात "सौम्य सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब" असं लिहिलेलं असतं. मगात पाणी अर्धा लिटर आणि थेंब चार, असा हिशोब झाला तर धारा फारशी वाढणार नाही. २५० मिली पाण्याला प्रयोगशाळेतल्या बाटलीतलं सौम्य आम्ल १० ते १५ मिली लागतं, आणि ते शिक्षकांनीच घालावं. संहत आम्लापासून सौम्य करायचं असेल तर पाण्यात आम्ल, हळूहळू, ढवळत. आम्लात पाणी कधीच ओतायचं नाही.

घरी किंवा आम्ल न वापरता करायचं असेल तर धुण्याचा सोडा उत्तम: २५० मिली पाण्यात एक सपाट चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम. खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा हे दोन वेगळे पदार्थ आहेत. त्यांच्यातला फरक या प्रयोगात कुठे नडतो ते पुढे येईलच.

दुसरं कारण फार कमी जणांच्या लक्षात येतं. मगात सोड्याचं द्रावण बरोबर केलेलं असतं, पण परीक्षानळ्या नळाच्या साध्या पाण्यानं भरून पालथ्या घातलेल्या असतात. दांडा नळीच्या आत असतो, म्हणजे त्याच्याभोवती साधंच पाणी. बाहेर कितीही सोडा असला तरी धारेला त्या साध्या पाण्यातून जावंच लागतं. नळ्यांत मगातलंच द्रावण भरा.

नळीचं तोंड बुचावर टेकवून ठेवलं तरी तेच होतं, कारण आयनांना आत-बाहेर जायची वाट बंद होते. तोंड बुचापासून सेंटिमीटरभर वर राहील असं स्टँडला धरा. मात्र दांडा तोंडाच्या बऱ्यापैकी आत असायला हवा.

तिसरं कारण व्होल्टेज. पाण्याचं अपघटन व्हायला तत्त्वतः १.२३ व्होल्ट लागतात, पण कार्बनच्या दांड्यांवर वायू सुटायला त्यापेक्षा बरंच जास्त लागतं. एका दीड व्होल्टच्या सेलवर बुडबुडे दिसत नाहीत ते त्यामुळेच. दोन सेलवर तुरळक दिसतात, चार सेल एकसरीत जोडले (६ व्होल्ट) की काम नीट चालतं. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरीही चालते, पण स्वस्तातली असेल तर १०० मिलिअँपिअरच्या मागणीला ती लवकर थकते. बॅटरी जोडलेली असतानाच तिच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजा. सुटी असताना ९ दाखवणारी बॅटरी जोडल्यावर ४-५ वर येत असेल तर ती बदला.

घरातल्या प्लगची वीज या प्रयोगाला कुठल्याही मार्गानं वापरायची नाही. विद्यार्थ्यांच्या हातात फक्त सेल असावेत.

एकीकडे वायू, दुसरीकडे निळा, हिरवा किंवा तांबूस गाळ

ऑक्सिजनच्या नळीत काहीच नाही आणि द्रावण मात्र रंगलंय, याचा अर्थ धनाग्राचा धातूच खर्ची पडतोय. बॅटरीच्या धन टोकाला जोडलेल्या दांड्यातून इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात. ते पाण्याकडून आले तर ऑक्सिजन सुटतो. पण तिथे तांब्याची तार असेल तर तांबं पाण्यापेक्षा सहज इलेक्ट्रॉन देतं आणि स्वतः आयन होऊन द्रावणात उतरतं. आम्लात द्रावण निळं होतं, सोड्यात निळसर-हिरवा गाळ बसतो. लोखंडी खिळा असेल तर गंजाचा तपकिरी गाळ, विशेषतः द्रावणात मीठ असेल तर.

ही अडचण प्रयोगाइतकीच जुनी आहे. १८०० साली लंडनमध्ये विल्यम निकोल्सन आणि अँथनी कार्लाइल यांनी व्होल्टाच्या नव्या बॅटरीवर पाण्याचं विघटन केलं, तेव्हा त्यांनी आधी पितळी तारा वापरल्या होत्या. एका तारेवर हायड्रोजन आला, दुसरी तार मात्र काळवंडून खराब होत गेली. प्लॅटिनमच्या तारा लावल्यावर दोन्हीकडून वायू सुटले. आपल्या मगातला हिरवा गाळ म्हणजे त्यांच्याच पितळी तारेची गत.

कार्बनचा दांडा असूनही निळसर गाळ येत असेल तर जोड तपासा. दांड्याला गुंडाळलेली तांब्याची तार पाण्याखाली राहिली असणार. जोड बुचाच्या खाली, बाहेरच्या बाजूला घ्या. तसं जमत नसेल तर जोडावर एम-सील लावून पूर्ण वाळू द्या. केसाएवढी तार उघडी राहिली तरी ती धारेचा बराच वाटा खाते.

स्टीलचे चमचे वापरायचा मोह होतो, कारण सुरुवातीला त्यांवर भरपूर बुडबुडे दिसतात. ते वापरू नका. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतं आणि धनाग्रावर ते विरघळून विषारी संयुगं तयार होऊ शकतात. द्रावण पिवळट दिसायला लागलं तर त्यात हात घालू नका, प्रयोग बंद करा.

मीठ घातलंय आणि पोहण्याच्या तलावासारखा वास येतोय

तो क्लोरीन आहे. मीठ सहज हाताशी असतं म्हणून घातलं जातं आणि वीजही झकास वाहते, पण धनाग्रावर ऑक्सिजनऐवजी मुख्यतः क्लोरीन सुटतो. क्लोरीन पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो आणि ऋणाग्राकडे (बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या दांड्याकडे) तयार झालेल्या सोडियम हायड्रॉक्साइडशी अभिक्रियाही करतो. त्यामुळे त्या नळीत वायू फारच थोडा जमतो आणि मगात हळूहळू ब्लिचिंगचं पाणी तयार होतं. हा पाण्याच्या नव्हे, मिठाच्या द्रावणाच्या अपघटनाचा प्रयोग झाला. धडा म्हणून तोही मोलाचा आहे, पण त्यातून २:१ ची अपेक्षा ठेवू नका. क्लोरीन श्वासाला घातक आहे. वास येताच बॅटरी काढा, खिडक्या उघडा, आणि पुढच्या वेळी मीठ टाळा.

खाण्याचा सोडा घातला तर

इथे उलट तक्रार येते: ऑक्सिजनची नळी अपेक्षेपेक्षा जास्त भरते आणि प्रमाण २ च्या खाली, कधी १.७ वगैरे येतं. धनाग्राजवळ ऑक्सिजनबरोबर हायड्रोजन आयनही तयार होतात. खाण्याच्या सोड्यातलं बायकार्बोनेट त्यांच्याशी अभिक्रिया करून कार्बन डायऑक्साइड सोडतं. त्यातला बराचसा पाण्यात विरघळतो, उरलेला ऑक्सिजनच्या बुडबुड्यांबरोबर वर जातो. धुण्याच्या सोड्यात हे हायड्रोजन आयन आधी कार्बोनेटला बायकार्बोनेट करण्यात खर्च होतात, म्हणून कार्बन डायऑक्साइड सहसा बाहेर पडत नाही. दोन्ही सोडेच, पण या प्रयोगाला धुण्याचाच घ्यायचा.

धुण्याचा सोडा टाकल्याबरोबर पाणी दुधाळ झालं तर घाबरू नका. बोअरच्या कठीण पाण्यातलं कॅल्शियम खडूसारखं खाली बसतंय. तासभर निवळू द्या आणि वरचं नितळ पाणी घ्या. नाहीतर इन्व्हर्टरच्या बॅटरीत भरायचं डिस्टिल्ड वॉटर आणा. दुकानात ते मागताना लेबल नीट वाचा: बॅटरीचं पाणी आणि बॅटरीचं ॲसिड शेजारी शेजारी ठेवलेलं असतं, आणि ॲसिड म्हणजे चांगलंच तीव्र सल्फ्युरिक आम्ल.

सगळं बरोबर, तरी ऑक्सिजन कमीच

दांडे कार्बनचे, सोडा धुण्याचा, जोड बुचाखाली, आणि तरीही प्रमाण ३:१ किंवा २.६:१. खरं रसायनशास्त्र इथे आहे, म्हणून जरा थांबून पाहू.

मगाच्या अगदी जवळ डोळे नेऊन दोन्ही दांडे बघा. ऋणाग्रावरचे बुडबुडे बारीक, असंख्य, पांढऱ्या धुक्यासारखे सलग वर जाणारे. धनाग्रावरचे मोठे, कमी आणि चिकट: दांड्याला धरून बसतात, फुगतात आणि मग एकदम सुटतात. प्रयोग थांबवल्यावरही धनाग्रावर असे बरेच बुडबुडे अडकलेले असतात. तो ऑक्सिजन मोजणीत येत नाही. वाचन घेण्यापूर्वी नळीला बोटानं दोन-चार टिचक्या मारा.

मग धनाग्राच्या खाली बुचावर पाहा. काळी भुकटी दिसते का? ऑक्सिजन सुटताना कार्बनच्या दांड्याचंही थोडं ऑक्सिडीकरण होतं. थोडा कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन जातो आणि आजूबाजूचे कण सुटून खाली पडतात. सोड्याच्या द्रावणात हा कार्बन डायऑक्साइड शोषला जातो, म्हणून तेवढा वायू नळीतून गायब.

आम्लाच्या द्रावणात याचं एक फसवं रूप दिसतं. ऑक्सिजनच्या एका रेणूला जेवढे इलेक्ट्रॉन मोजावे लागतात, तेवढेच, म्हणजे चार, कार्बनपासून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू व्हायला लागतात. म्हणजे ऑक्सिजनच्या जागी थोडा कार्बन डायऑक्साइड आला तरी आकारमान फारसं बदलत नाही. प्रमाण छान २:१ च्या जवळ येतं, पण धुमसती काडी धरली तर ती पेटत नाही. अशा वेळी नळीत थोडी चुन्याची निवळी घालून हलवा. दुधाळ झाली तर उत्तर मिळालं.

धारा जितकी जास्त आणि दांडा जितका बारीक, तितकी ही झीज अधिक. पेन्सिलीचं शिसं (त्यात शिसं हा धातू अजिबात नसतो, ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते) वापरत असाल तर एचबीपेक्षा ४बी किंवा ६बी घ्या. त्यात ग्रॅफाइट जास्त, माती कमी आणि रोधही कमी. त्याहून चांगले म्हणजे प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळणारे जाड कार्बनचे दांडे. जुने सेल फोडून दांडे काढायची पद्धत आहे, पण ती सोडलेली बरी: आतला काळा लगदा मँगनीज डायऑक्साइडचा असतो, आणि चुकून अल्कलाइन सेल फोडला तर त्यात दाहक पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. लिथियमचा सेल तर कधीच उघडू नये.

धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात शुद्ध निकेलची पट्टी धनाग्र म्हणून बऱ्यापैकी टिकते आणि काळी भुकटी होत नाही. ही पट्टी आम्लात किंवा मिठात चालत नाही, विरघळून द्रावण हिरवट होतं. बाजारात निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टीही निकेल म्हणून विकली जाते, ती काही वेळातच गंजते. अर्थात खरा उपाय प्लॅटिनमच. हॉफमनच्या उपकरणात (याच प्रयोगासाठीच्या काचेच्या तयार उपकरणात) म्हणूनच प्लॅटिनमचे अग्र असतात.

विरघळलेला ऑक्सिजन

हे कारण सगळ्यांत जास्त दुर्लक्षित आहे आणि याचा उपाय सगळ्यांत सोपा आहे. २५ अंशांना १ लिटर पाण्यात शुद्ध ऑक्सिजन सुमारे ३० मिली विरघळू शकतो, हायड्रोजन मात्र २० मिलीहूनही कमी. शिवाय तयार होणारा ऑक्सिजन हायड्रोजनच्या निम्माच. म्हणजे कमाई निम्मी आणि गळती दीडपट. एकूण ४-५ मिली ऑक्सिजन गोळा करणार असू, तर सुरुवातीचा मिली-दीड मिली पाण्यात गेला की प्रमाण कोलमडणारच.

उपाय: नळ्या न लावता दहा-पंधरा मिनिटं धारा चालू ठेवा, खोलीत वारा खेळता असू द्या. द्रावण दोन्ही वायूंनी मुरू द्या. मग बॅटरी काढून, त्याच द्रावणानं नळ्या भरून पालथ्या घाला आणि पुन्हा सुरू करा.

त्यातही पहिली काही मिनिटं बिघडतातच, म्हणून एकूण आकडा भागण्याऐवजी दर पाच मिनिटांची वाढ पाहा. १०० मिलिअँपिअरला मिळतील असे नमुन्याचे आकडे घेऊ. ५व्या मिनिटाला हायड्रोजन ३.६ मिली, ऑक्सिजन १.२. दहाव्या मिनिटाला ७.४ आणि २.९. पंधराव्याला ११.२ आणि ४.८. एकूण आकडे भागले तर प्रमाण ३.०, मग २.५५, मग २.३३. चुकल्यासारखं वाटतं. पण वाढ पाहा: ५ ते १० मिनिटांत ३.८ आणि १.७, म्हणजे २.२. १० ते १५ मिनिटांत ३.८ आणि १.९, म्हणजे बरोबर २. पाणी ऑक्सिजननं भरत गेलं तसं प्रमाण जागेवर आलं. हे तीन ओळींचं कोष्टक जर्नलमध्ये "१० आणि ५" पेक्षा कितीतरी जास्त सांगतं, आणि तोंडी परीक्षेत विचारलं तर प्रत्येक आकड्यामागचं कारणही देता येतं.

मोजताना होणाऱ्या चुका

परीक्षानळीला पट्टी लावून उंची मोजली तर गोल तळामुळे फरक पडतो, आणि वायू कमी असेल तर तो फार मोठा असतो. सुया नसलेल्या १० मिलीच्या दोन सिरिंज घ्या, दट्ट्या काढा, टोकाचं तोंड एम-सीलनं घट्ट बंद करा. मिलीच्या खुणांसह नळ्या तयार. फक्त खुणा टोकाच्या जागेपासून नाही तर आतल्या सपाट भागापासून सुरू होतात, म्हणून टोकातल्या छोट्या पोकळीत आधीच भरलेला बुडबुडा सुरुवातीचं वाचन म्हणून लिहा आणि शेवटी वजा करा.

दांड्याचा तळाकडचा भाग नळीच्या तोंडाबाहेर राहिला तर तिथला वायू बाहेर निसटतो. ऋणाग्राच्या बाबतीत असं झालं तर हायड्रोजन कमी पडून प्रमाण २ च्या खाली येतं. दोन्ही नळ्या अगदी चिकटून असतील तर निसटलेले बारीक बुडबुडे शेजारच्या नळीतही शिरतात. दोन्हींत तीन-चार सेंटिमीटरचं अंतर ठेवा.

नळीतल्या पाण्याची पातळी बाहेरच्यापेक्षा उंच असल्याने दाब कमी होतो, वाफेमुळे आकारमान वाढतं, असे बारीक आक्षेप घेतले जातात. पहिल्याचा परिणाम १० सेंटिमीटर पाण्याला जेमतेम १ टक्का, आणि वाफ दोन्ही नळ्यांत सारख्याच प्रमाणात असते. शाळेतल्या मोजणीत ते दोन्ही सोडून द्या.

दोन्ही नळ्यांत सारखाच वायू: लगेच थांबा

हे लक्षण मात्र धोक्याचं आहे. प्रयोगशाळेतल्या पॉवर सप्लायला डीसी आणि एसी अशी वेगवेगळी टोकं असतात. वायरी एसीला लागल्या की प्रत्येक दांडा सेकंदाला अनेकदा धन आणि ऋण होत राहतो, आणि दोन्ही नळ्यांत हायड्रोजन-ऑक्सिजनचं मिश्रण जमतं. हे मिश्रण ठिणगी लागताच स्फोटासारखं पेटतं. काडी लावू नका. वीज बंद करा, नळ्या खिडकीजवळ नेऊन रिकाम्या करा. आणि कुठल्याही परिस्थितीत दोन्ही वायू एकाच भांड्यात किंवा झाकण लावलेल्या बाटलीत गोळा करू नका.

वायू ओळखताना

हायड्रोजन हवेपेक्षा हलका, म्हणून नळीचं तोंड खालीच ठेवून अंगठ्यानं बंद करा, बाहेर काढा आणि जळती काडी तोंडाशी न्या. "पॉप" असा छोटा आवाज येतो. ऑक्सिजनची नळी मात्र सरळ करून तोंड वर ठेवा. आगकाडीपेक्षा खराट्याची काडी चांगली: पेटवून विझवा, टोकाला निखारा राहू द्या आणि नळीत आत न्या. निखारा लख्ख होतो किंवा पुन्हा ज्योत धरतो. काडी नळीच्या ओल्या कडेला लागली की विझते, आणि "ऑक्सिजन नव्हता" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. वायू २ मिलीपेक्षा कमी असेल तर ही चाचणी करूच नका, हवेत मिसळून तिचा परिणाम दिसत नाही.

जास्त वायू धन बाजूला दिसतोय?

हायड्रोजन नेहमी ऋणाग्रावर, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या दांड्यावर सुटतो. उलटं दिसलं तर टोकं ओळखण्यात चूक आहे. ९ व्होल्टच्या बॅटरीवर लहान गोल बटण धन आणि मोठं, कंगोरे असलेलं ऋण. बॅटरीवर बसवायच्या वायरींच्या टोपीवरची बटणं नेमकी उलटी असतात, तिथे बहुतेकांचा गोंधळ होतो. मगातच खात्री करायची असेल तर सोड्याऐवजी सोडियम सल्फेटचं उदासीन द्रावण घ्या आणि त्यात थोडं हळदीचं पाणी घाला: ऋणाग्राभोवती हायड्रॉक्साइड आयन तयार होऊन सामू वाढतो आणि पिवळं पाणी लालसर होतं. धुण्याच्या सोड्यात हे दिसणार नाही, तिथे हळद आधीच सगळीकडे लाल झालेली असते.

उत्तरपत्रिकेत वारंवार होणारी चूक म्हणजे "वस्तुमानाचं प्रमाण २:१" असं लिहिणं. २:१ हे आकारमानाचं. १८ ग्रॅम पाण्यापासून २ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन मिळतो, म्हणजे वस्तुमानाचं प्रमाण १:८.

तरीही शंका राहिली तर वायरी उलटवा

एक पूर्ण मोजणी झाली की नळ्या पुन्हा द्रावणानं भरा, जागा न बदलता फक्त बॅटरीच्या वायरी अदलाबदल करा आणि तेवढीच मिनिटं थांबा. आता दुसऱ्या दांड्यावर हायड्रोजन सुटेल. आधी डावीकडे ऑक्सिजन कमी पडत होता आणि आता उजवीकडेही तेवढाच कमी पडला, तर दोष रसायनाचा आहे: कार्बनची झीज किंवा विरघळणं. पण आता ऑक्सिजन पुरेसा आला आणि डाव्या नळीत हायड्रोजन कमी पडायला लागला, तर डावी नळी गळतेय, किंवा तिथला दांडा तोंडाबाहेर राहिलाय. मग सोडा आणि बॅटरी तशीच राहू द्या, फक्त ती नळी बुचाला टेकणार नाही इतपत खाली सरकवा.